आमची पाठ आणि ठाण्याचा डॉक्टर

चित्रावर आम्ही बोलायचं नाही, असा या शहरात न लिहिलेला कायदा आहे. कविता केली तर चालते. दलित कविता आता अभ्यासक्रमात बसवलीय, तिच्यावर प्रबंध होतात, तिच्या जिवावर प्राध्यापकांच्या बढत्या होतात. पण चित्र? चित्र म्हणजे काळा घोडा. पांढऱ्या भिंती, थंडगार हवा, हळू आवाजातलं इंग्रजी आणि हातात वाईनचा ग्लास. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, दार उघडं असतं. तरी आमच्यातला माणूस त्या पायरीवर अडखळतो. एका गॅलरीत मी शिरलो तर वॉचमननं विचारलं, ‘डिलिव्हरी काय?’ त्या वॉचमनला मी दोष देत नाही, तोही आपलाच. त्याला नोकरीच अशी आहे की आपल्यासारखा दिसेल त्याला अडवायचं.

मी गोदीत माल उचलतो. कंत्राटी. मॅट्रिक झालोय. राहतो मुलुंडला, कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरनं कामावर जातो. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरीसुद्धा दिलेली नाही. पण एक गोष्ट मला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त कळते. ती म्हणजे वजन. पन्नास किलोची गोणी पाठीवर आली की मान कुठं जाते, गुडघा कुठं वळतो, पायाचा अंगठा जमीन कशी धरतो, हे मला माझ्या हाडांनी शिकवलंय. म्हणून ज्या चित्रकारानं आयुष्यभर वजन रंगवलं, त्याच्यावर बोलायचा हक्क मी कुणाला विचारून घेणार नाही.

त्या चित्रकाराचं नाव सुधीर पटवर्धन. आडनाव वाचून पान उलटू नका. आधी ऐका.

हा माणूस १९४९ साली पुण्यात जन्मला. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून १९७२ साली डॉक्टर झाला आणि मुंबईला आला. चित्रकलेच्या कुठल्या शाळेत गेला नाही, स्वतःच शिकला. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यानं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एक्स-रे बघणारा डॉक्टर. हे धंद्याचं कलम चित्र समजायला फार महत्त्वाचं आहे. ठाण्यात एक्स-रे काढायला कोण येत असेल? वागळे इस्टेटमधला मशीनवर हात सापडलेला, बांधकामावरून पडलेला, छातीत कफ साचलेला, गाडीतून लोंबकळताना खांबाला आपटलेला. गरिबाचं शरीर मोडतं तेव्हा ते पहिलं त्या काचेवर जातं.

माझ्या बापाच्या कण्याचा एक्स-रे आमच्या घरात ट्रंकेत ठेवलाय. त्यात मणके दिसतात, घसरलेला मणकासुद्धा दिसतो. पण तो कशानं घसरला ते दिसत नाही. गोणी दिसत नाही, मुकादम दिसत नाही, पाळीवर पाळी दिसत नाही. एक्स-रे हाड दाखवतो आणि ओझं लपवतो. पटवर्धनांनी दिवसा हाडं बघितली आणि उरलेल्या वेळात ओझं रंगवलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या चित्रकारीचं मूळ इथं आहे.

सत्तरच्या दशकात हा माणूस कामाला लागला तेव्हा चित्रकलेची हवा काय होती? १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. त्यातला आरा लहानपणी पळून मुंबईला आलेला, गाड्या पुसणारा, घरगडी म्हणून राबणारा पोर होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आमच्या उपनगरात, अंधेरीला, चित्तप्रसाद नावाचा बंगाली चित्रकार कित्येक वर्षं राहिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली भुकेली माणसं त्यानं काळ्या शाईत अशी काढली की इंग्रज सरकारनं ते पुस्तक जप्त करून नष्ट केलं. तो १९७८ साली गेला. म्हणजे माणूस रंगवणारे होते. पण साठ-सत्तरच्या दशकात बाजारात अमूर्ताची चलती होती. रंगांचे पट्टे, ठिपके, शून्य, आत्मा, ब्रह्म. देशात भाकरीचा प्रश्न आणि कॅनव्हासवर मोक्ष! माणूस काढणं हे जुनाट, इलस्ट्रेशनवाल्यांचं काम समजलं जायचं.

त्या हवेत पटवर्धनांनी माणूस काढला. आणि कसला माणूस? १९७७ सालची दोन चित्रं घ्या, ‘इराणी रेस्टॉरंट’ आणि ‘रनिंग वुमन’. इराण्याच्या हॉटेलात बसलेला साधा माणूस आणि धावणारी एक बाई. बस्स. राजा नाही, देव नाही, पुढारी नाही. पण हा माणूस देवळातल्या मूर्तीएवढी जागा अडवतो. कॅनव्हास त्याला पुरत नाही. खांदे जड, मान आखूड, हात शरीराच्या मानानं मोठे. सुंदर काढायचा प्रयत्नच नाही. फ्रान्समधल्या सेझानकडून आणि फर्नांद लेजेकडून ते शिकले असं म्हणतात, आणि ते दिसतंही. लेजे माणसाचे हातपाय पाइपासारखे, यंत्राच्या भागांसारखे घडवायचा. पण लेजेचा कामगार तेल दिलेल्या यंत्रासारखा ताजा असतो. पटवर्धनांचा कामगार दमलेला असतो. त्याच्या अंगात झोप अपुरी आहे हे कळतं.

इथं मला सरकारी पोस्टरातला आणि पक्षाच्या भिंतीवरचा कामगार आठवतो. छाती पुढं, हातोडा वर, दंड फुगलेले, बगलेत घाम नाही. साला, असा कामगार मी अख्ख्या बंदरात बघितला नाही. कष्टाचं शरीर पैलवानाचं नसतं. ते एका बाजूला जास्त वाढलेलं आणि दुसऱ्या बाजूला झिजलेलं असतं. उजव्या खांद्यावर माल घेणाऱ्याचा उजवा खांदा वेगळा दिसतो. तीस वर्षांचा माणूस पन्नासचा दिसतो. हे वाकडेपण पटवर्धनांनी काढलं आणि ते काढताना दया दाखवली नाही. दयेनं काढलेलं चित्र आपल्याला भिकारी करतं. त्यांच्या चित्रातला माणूस हात पसरत नाही. तो जागा अडवून बसतो. एवढ्यासाठी मी त्या चित्रांना मानतो.

१९७९ साली दिल्लीच्या आर्ट हेरिटेज गॅलरीत त्यांचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. मग १९८१ साली ‘प्लेस फॉर पीपल’, म्हणजे माणसांसाठी जागा, या नावाचं प्रदर्शन मुंबईला आणि दिल्लीला भरलं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि सुधीर पटवर्धन असे सहा जण. त्यावर लिहिलं गीता कपूर यांनी. भारतीय चित्रात माणूस पुन्हा मधोमध आणून बसवण्यात या प्रदर्शनाचा मोठा वाटा आहे. मला त्या नावाची गंमत वाटते. चित्रात माणसांसाठी जागा झाली. चित्र बघणाऱ्यांच्या रांगेत ती माणसं कुठं होती?

याच सुमाराला त्यांची पद्धत बदलायला लागते. एकटा बसलेला माणूस उठतो आणि गर्दीत जातो. १९८० चं ‘ट्रेन’, १९८१ चं ‘ओव्हरब्रिज’, त्याच सालचं ‘अ‍ॅक्सिडेंट ऑन मे डे’. नावंच बघा. आमच्या उपनगरांचा सगळा देव-धर्म या दोन शब्दांत आहे, गाडी आणि पूल. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या गावांना स्वतःचं पोट नाही, ती रुळाला चिकटून जगतात. मराठी साहित्यात मुंबई म्हणजे गिरगाव, परळ, फार तर कामाठीपुरा. लोकलच्या चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसलेल्या माणसाला कुणी महाकाव्याचा नायक केला नव्हता. या डॉक्टरनं केला. आणि कामगार दिनालाच अपघात, हे शीर्षक तर एखाद्या कवितेसारखं डोक्यात राहतं. लाल झेंड्याच्या दिवशीसुद्धा कामगाराचं शरीर सुरक्षित नाही, एवढं तो माणूस १९८१ साली सांगून मोकळा झाला.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरात गेला, आणि गोदीतल्या टोळ्याच्या टोळ्या निकामी झाल्या. एक कंटेनर क्रेननं उचलला की किती पाठी रिकाम्या होतात, याचा हिशेब आमच्या वस्त्यांनी भोगलाय.

आता पटवर्धनांची त्या दशकातली चित्रं लावून बघा. १९८४ चं ‘टाउन’, १९८५ चं ‘नाला’, त्यानंतरचं ‘पोखरण’. माणूस लहान होत चाललाय. कॅनव्हास रुंद होतोय आणि त्यात डोंगर, खाणी, रस्ते, चाळी, अर्धवट इमारती, कारखाने घुसतायत. एकाच जागी उभं राहून हे दिसणार नाही. चित्रकार डोळा हलवतो. इथून वरून बघतो, तिथून खालून, आणि सगळं एका चित्रात शिवतो. ज्याला रोज या गावातून पायपीट करावी लागते त्याला गाव असंच आठवतं, नकाशासारखं सरळ आठवत नाही. पोखरण रोड ठाण्याला आहे, मुलुंड चेकनाक्यापासून चालत जाण्याएवढा. त्या रस्त्यावर रेमंडची गिरणी होती, ती २००९ साली बंद झाली. आज त्या पट्ट्यात टॉवर उभे आहेत. आमच्या एलबीएस मार्गावर तेच झालं. भोंगा गेला, लिफ्ट आली.

काही लोक म्हणतात, पटवर्धन मवाळ झाले. आधी कामगार रंगवायचे, नंतर निसर्गचित्रं काढायला लागले. मी म्हणतो, डोळे फुटलेत का? कामगार लहान झाला कारण कामगाराला लहान केलं गेलं. १९७७ साली जो माणूस अख्खा कॅनव्हास अडवून बसला होता, त्याच्या मागं संघटना होती, पगारी नोकरी होती, भोंगा होता. तो उठून रस्त्यावर आला तर मुंबई थांबायची. आज मी उद्या येऊ नये म्हणून ठेकेदाराला नुसता फोन बंद ठेवावा लागतो. एवढा माणूस कॅनव्हासवर मोठा काढला असता तर ते खोटं झालं असतं. त्यांनी खोटं काढलं नाही. आपण किती आक्रसलो, त्याचं माप त्यांच्या एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत घेता येतं.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला ही मुंबई पेटली. त्यानंतर, १९९६ साली, त्यांनी ‘रायट’ नावाचं चित्र केलं. ज्या शरीरांना त्यांनी वीस वर्षं मानानं रंगवलं, त्याच शरीरांचा जमाव माणूस मारायला निघाला होता. कामगार म्हणजे क्रांतीच, असं धरून चालणाऱ्या डाव्या चित्रकाराला हे किती जड गेलं असेल! त्यांनी नजर वळवली नाही. आपल्या कवींनीही यातून शिकावं. आपल्या वस्तीतला पोरगा दुसऱ्याच्या झेंड्याखाली दगड घेऊन पळतो तेव्हा त्याच्यावर कविता कोण करतो?

२००१ साली ‘लोअर परेल’ आलं, ‘उल्हासनगर’ आलं. तोवर फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉलची दुकानं थाटली जात होती. रंग आता चकचकीत, कडा धारदार, पूर्वीचा मळकट जड लेप जवळजवळ गेलेला. २०१४ चं ‘मुंबई प्रोव्हर्ब्स’ तर सात फलकांचं आहे, त्यात या शहराचा काळ डावीकडून उजवीकडं पसरलेला. मधल्या काळात त्यांनी घराच्या आतली माणसंही रंगवली, कुटुंब, म्हातारपण, खिडकीशी उभा राहून बाहेर बघणारा मध्यमवर्ग. म्हणजे चित्रकार रस्त्यावरून घरात आला आणि खिडकीतून रस्त्याकडं बघायला लागला. तो स्वतः कुठं उभा आहे, हे त्यानं लपवलं नाही. नोव्हेंबर २०१९ पासून मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चार दशकांहून जास्त काळातल्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. नॅन्सी अदजानियांनी ते मांडलं होतं.

आता भांडण.

पांढरपेशा डॉक्टरनं आमची पाठ रंगवायची आणि ते चित्र आम्हाला न परवडणाऱ्या भिंतीवर जायचं, हा काय न्याय? हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत नाही. पटवर्धनांनी स्वतःच तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलाय, बोलूनही दाखवलाय. आणि नुसता बोलून थांबले नाहीत. २००८-०९ च्या सुमाराला ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचं प्रदर्शन त्यांनी उभं केलं, त्यात देशातल्या आजच्या चित्रकारांची अस्सल कामं महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेली. मुंबई-दिल्लीच्या बाहेरच्या माणसाला छापील फोटो नव्हे, खरं चित्र बघायला मिळालं. हे काम सरकारचं होतं, विद्यापीठांचं होतं. केलं एका डॉक्टरनं. त्याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

पण माझं खरं भांडण वेगळं आहे. त्यांच्या चित्रातल्या माणसाला वर्ग आहे. जात कुठाय? ‘कामगार’ हा शब्द मोठा आहे, त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी लपतात. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण तुटलेला धागा जोडताना तोंड लावावं लागे आणि तो बाटे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. १९३६ साली त्यांनी सांगून ठेवलं की जातीनं राबणाऱ्यांचेच कप्पे पाडलेत. आता दोन गिरणी कामगार शेजारी उभे करून काढा. दोघांचा घाम सारखा, दंड सारखे, डोळ्यांखालचं काळं सारखं. एकाला धागा शिवायची परवानगी, दुसऱ्याला नाही. हे ब्रशनं कसं दाखवणार? नाला सगळ्या उपनगराचा असतो, पण त्यात गळ्यापर्यंत उतरणारा माणूस एकाच वाड्यातून का येतो? एक्स-रेमध्ये जात दिसत नाही, हाडं सगळ्यांची सारखी. हे डॉक्टरी सत्य आहे, सुंदर सत्य आहे. पण काचेवरून खाली उतरून पेशंट रस्त्यावर आला की हे सत्य संपतं.

यासाठी मी पटवर्धनांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी इमानदारीनं काढलं, आणि जे त्यांनी भोगलं नाही त्याचं सोंग आणलं नाही. उरलेलं काम आपलं आहे. नागपूरचे सवी सावरकर, जन्म १९६१, यांनी गळ्यात मडकं अडकवलेला अस्पृश्य काळ्या जाड रेषेत असा काढला की पेशवाई पुस्तकातून बाहेर येऊन अंगावर धावते. विक्रोळीचा विक्रांत भिसे, आपल्याच लाइनीवरचा, पँथरचा इतिहास आणि राबणारी माणसं रंगवतोय. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. त्यावर गाणी झाली, कविता झाल्या, २०११ साली आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा सिनेमा आला. आता ते भिंतीएवढं रंगवणारा हात रमाबाई नगरातूनच निघायला हवा. तो हात आज कुठंतरी नंबर प्लेटा रंगवत असेल, डिजिटल बॅनरवर भाईच्या वाढदिवसाचे फोटो चिकटवत असेल.

त्या हातानं पटवर्धनांची चित्रं बघितली पाहिजेत. भक्तीनं बघू नये, कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं बघावं. खांदा कुठं जड केलाय, पूल कसा वळवलाय, पंचवीस माणसं एका डब्यात बसवून प्रत्येकाचं तोंड वेगळं कसं ठेवलंय. कविता लिहिताना आपण मर्ढेकर वाचले, भांडलो, आणि मग आपलं लिहिलं. चित्रातही तसंच करावं लागेल. शिव्या देऊन रेषा सुधारत नाही.

आणि एक मागणी. मुलुंडला कालिदास नाट्यमंदिर आहे, प्रत्येक उपनगरात पालिकेचे हॉल आहेत, रेल्वेचे मैलभर लांब पूल आहेत. त्यांच्या भिंतींवर गुटख्याची आणि क्लासची जाहिरात लागते. तिथं ‘ओव्हरब्रिज’ची एक मोठी छापील प्रत लावा. ज्या पुलावरनं माणसं रोज चढतात-उतरतात, त्याच पुलावर स्वतःला चढता-उतरताना बघू द्या. शंभरातले नव्वद न थांबता जातील, त्यांची गाडी चुकत असते. दहा थांबतील. त्यातला एखादा घरी जाऊन पोराच्या वहीचं मागचं पान फाडेल आणि पेन्सिल हातात घेईल. आमच्या पाठीचं चित्र पुढं त्यानं काढायचं आहे.